जुन्या लुगड्याची पिशवी



मराठी घरांत पिशवीला एकच नाव कधी नव्हते. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर पुढेमागे लोंबणारी ती पडशी, पानसुपारीसाठी कप्प्याकप्प्यांची ती चंची, नाडी ओढून तोंड मिटणारा तो बटवा, भिक्षेकऱ्याची ती झोळी. दळणाची पिशवी वेगळी, भाजीची वेगळी आणि मासळीची तर खुंटीसुद्धा वेगळी. ज्या घरात एका वस्तूला इतकी नावे होती, तेथे आज बाजाराला निघालेला माणूस रिकाम्या हाताने निघतो, हे नवल म्हटले पाहिजे.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. गटारे तुंबवण्यात पातळ प्लास्टिक पिशव्यांचाही हात होता, ही गोष्ट तेव्हा चर्चेला आली. पुढे 23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्यानंतर कापडी पिशव्यांना एकदम प्रतिष्ठा आली. समारंभात, संमेलनात, दुकानाच्या उद्घाटनाला पिशव्या वाटल्या जाऊ लागल्या. आज अनेक घरांतील कपाटात अशा वीस-पंचवीस कोऱ्या पिशव्या पडून असतात आणि भाजी मात्र भाजीवाल्याच्याच पिशवीतून घरी येते.

येथे थोडा कटू हिशेब मांडणे आवश्यक आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कापसाची नवी पिशवी किमान 52 वेळा वापरली, तरच हवामानावरील भाराच्या बाबतीत ती दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. पर्यावरणाचे सर्व निकष लावल्यास तो आकडा 7,100 पर्यंत जातो. हा दुसरा आकडा मुख्यतः एकाच निकषामुळे फुगलेला आहे, हे खरे; पण पहिला तर नाकारता येत नाही. आठवड्याच्या बाजाराला नेली तर बरोबर एक वर्ष! म्हणजे समारंभात मिळालेली आणि दोनदा वापरून टाकलेली कापडी पिशवी ही काही पुण्याची गोष्ट नव्हे. त्यातही पुष्कळशा तर कापडाच्या नसतातच. कापडासारख्या दिसणाऱ्या त्या नॉन-वोव्हन पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. शंका वाटल्यास एक धागा काढून जपून जाळून पाहावा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. प्लास्टिक वितळून त्याची गोळी होते.

यावर घरातलाच उपाय आहे, तो म्हणजे जुने कापड. ज्या कापसाला लागायचे ते पाणी आणि खत केव्हाच लागून गेले, त्याच्या पिशवीवर नव्याने भार पडत नाही. पूर्वी जुन्या सुती लुगड्याची दुपटी होत, गोधडी होई, आणि उरलेले बोहारणीच्या हाती जाऊन त्याबदली एखादे पातेले घरात येई. पिशवी त्याच रांगेत बसते.

मात्र जुने कापड निवडण्यात शहाणपण लागते. लुगडे बसण्याच्या जागी विरते, चादर मधोमध. म्हणून लुगड्याचा पदर आणि चादरीच्या कडा घ्याव्यात. बोटांनी आडवेउभे ताणून पाहावे; करकर आवाज झाला की ते कापड फडक्यासाठी ठेवावे. लुगडे पातळ असल्यास दोन थर एकावर एक ठेवून कच्चा धावदोरा घालावा. पँटचे पाय तर याला उत्तमच, फक्त यंत्राची सुई सोळा नंबरची लावावी.

साध्या पिशवीला 36 इंच लांब आणि 17 इंच रुंद पट्टी पुरते. दोन्ही टोके दीड इंच दुमडून टीप मारावी, ते पिशवीचे तोंड. मग पट्टी मधोमध दुमडून बाजू शिवाव्यात, पण सुलट बाजू बाहेर ठेवून. चमकलात ना? ही पहिली शिवण कडेलगत घालायची, नंतर पिशवी उलटी करून तिच्यावर दुसरी शिवण घालायची. कापडाच्या कडा दोन शिवणींच्या आत कोंडल्या जातात, सुते निघत नाहीत आणि दळणाचे पीठही गळत नाही. दोन्ही शिवणींत मिळून प्रत्येक बाजूचे अर्धा इंच कापड जाते. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणासारखे चिमटून टोकापासून दोन इंचांवर आडवी टीप मारली की चार इंच रुंदीचा तळ तयार होतो. त्यावर डबा सरळ उभा राहतो, कलंडत नाही.

पिशवी फाटते ती बहुधा बंदाशी, आणि घरी शिवणाऱ्यांची घाई नेमकी तेथेच होते. बंद कापडाच्या उभ्या धाग्यावर कापावेत. आडव्या धाग्यावर कापलेला बंद ओझ्याने ताणून लांबतो. चार इंच रुंदीच्या पट्टीची चौपदरी घडी घालून दोन्ही कडांना टीप मारावी. तोंडाच्या दुमडीवर बंद ठेवून चौकोनी टीप आणि त्या चौकोनात फुली घालावी. यंत्र नसल्यास हातानेही चालते. उलट टाक्याची शिवण दुहेरी दोऱ्याने घातली तर यंत्रापेक्षा ती कमी पडत नाही, वेळ तेवढा दुप्पट लागतो. यंत्र नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही. आणि बाजारहाट करणाऱ्या पुरुषांनी एक तरी पिशवी स्वतः शिवून पाहण्यास काहीच हरकत नाही. गुंडी लावता येणाऱ्याला धावदोरा घालता येतोच.

शिवून झालेली पिशवी लगेच बाजारात नेऊ नये. तीत पाच किलो गहू भरून तासभर खुंटीला टांगावी. शिवण उसवलीच, तर ती घरातच उसवेल. नंतर धुऊन, वाळवून तिची घडी चपलांच्या शेजारी ठेवावी, कपाटात नव्हे.