आक्षेप आधी कोणी सांगायचे?



महाविद्यालयात आणि मोबाइलवर आपल्या मुलांपुढे ख्रिस्ती श्रद्धेवरचे जे आक्षेप येतात, त्यांना उत्तरं कशी द्यावीत यावर या सभेत पुष्कळ बोललं गेलं. मला त्याआधीचा प्रश्न अडतो. हे आक्षेप मुलांनी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकायचे? माझ्या मते आपल्याच, म्हणजे पाळक आणि शिक्षकांच्या, आणि तेही धार बोथट न करता.

मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली कथाही त्यांत नाही. लूक येशूच्या जन्माची सांगड रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या नावनोंदणीशी घालतो. जोसेफस या यहुदी इतिहासकाराप्रमाणे ती इ. स. 6ची, आणि मत्तय ज्याच्या राज्यात हा जन्म सांगतो तो हेरोद राजा तर बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पू. 4मध्येच वारलेला. ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात नवीन काही नाही. संडे स्कूलच्या मुलाला मात्र आपण यातलं क्वचितच सांगतो. मग एखादा व्हिडिओ हेच ‘चर्चने दडवलेलं सत्य’ म्हणून त्याच्यापुढे ठेवतो, आणि हस्तलिखितांपेक्षा आपल्या मौनाचाच त्याला जास्त धक्का बसतो. भरीस भर म्हणजे नोहाचं तारू सापडल्याचे निरोप आपणच हौसेने पुढे पाठवतो. ते खोटे ठरले की आपल्या खऱ्या बोलण्याचीही पत जाते.

कोवळ्या वयात हे पेलणार नाही, असं कोणी म्हणेल. काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्यांनी जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती मताची बाजू मांडणाऱ्या ग्रंथाचं खंडन करायला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. 1848मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ती मताविरुद्धचे आक्षेप स्वतः मांडून झाल्यावर. पंडिता रमाबाईंनी 1883मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्रैक्य व चर्चचा अधिकार यांवर आपल्या गुरुस्थानी असलेल्या इंग्रज स्त्रियांशी पत्रांतून त्या नेटाने भांडत राहिल्या. पुढे मूळ भाषा शिकून त्यांनीच बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यांना प्रश्न विचारू नका म्हणून गप्प बसवलं असतं तर बायबलच्या मुळाशी त्या गेल्या असत्या का, याची मला शंका आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वादाने कोणाची श्रद्धा बसत नाही. खरं आहे. 1857मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी आठवड्यामागून आठवडे भांडले; शेवटी दोन्ही बाजू आपापल्या जागीच राहिल्या. पण वर्गात आपल्याला कोणाला हरवायचं नाही. इतिहासाचा पुरावा कुठवर येतो आणि विश्वास कुठून सुरू होतो, एवढं मुलाला ओळखता यायला हवं. पिलाताच्या कारकिर्दीत येशूला मृत्युदंड झाला, हे टॅसिटस हा रोमन इतिहासकारही लिहितो. पुनरुत्थानाची साक्ष फार लवकरची आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आत, पौल ती परंपरेने मिळालेली म्हणून सांगतो. ती साक्ष खरी मानायची की नाही, हे मात्र इतिहास ठरवून देत नाही. शिक्षकाने इथे थांबावं आणि थांबलो असं मोकळेपणी सांगावं. क्विरीनियच्या बाबतीत तर तारखांचा मेळ घालायला सुचवलेले सगळे मार्ग ओढूनताणून काढलेले वाटतात, हेही.

म्हणून पाठ्यक्रम समितीला माझी एकच सूचना आहे. ख्रिस्ती मतावरचे तरुण नीलकंठशास्त्र्यांचे आक्षेप सोप्या मराठीत तरुण संघाच्या पुस्तकात छापावेत, खाली उत्तर न देता. उत्तरं मुलांनी लिहून आणावीत. पाळकांनीही.