न पिताही झोकांड्या



जव्हार तालुक्यातलं वांगणी हे नाव महाराष्ट्राच्या कानावर गेलं ते १९९२ साली, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. लहान मुलांची उपासमार आता आपण ओळखतो. वजन करतो, दंडाचा घेर बघतो. पण मोठ्या माणसाचीही उपासमार होते आणि दारूच्या वासाखाली ती कुणाला दिसत नाही. आज तिच्याबद्दलच बोलायचंय.

रोज पिणाऱ्याचं जेवण हळूहळू सुटतं. नागलीची भाकरी ताटात तशीच राहते. आपल्या शरीरात थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. खाल्लेल्यातलंही दारू ते नीट अंगी लागू देत नाही. साखरेतून शक्ती काढायला मेंदूला हेच लागतं. ते संपलं, की मेंदू उपाशी.

जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली या आजाराचे तीन रुग्ण नोंदवले. दोघे दारूच्या आहारी गेलेले पुरुष. तिसरी मात्र शिवणकाम करणारी तरुणी होती. आम्ल प्यायल्यानंतर तिला उलट्या लागल्या होत्या, अन्न पोटात ठरतच नव्हतं. मला ही तिसरी रुग्ण फार महत्त्वाची वाटते. मूळ दुखणं कशाचं, ते तिच्यावरून कळतं.

या आजारात माणूस पाय फाकवून, भिंत धरून चालतो. डोळ्यांसमोर बोट फिरवलं तर बुबुळं थरथरतात. बोलण्यात गोंधळ होतो. तिन्ही खुणा एकदम दिसतीलच असं नाही. घरचे म्हणतात, "अजून उतरली नाही, झोपू द्या." त्याने तर दोन दिवस थेंबही घेतलेला नसतो!

तेव्हा उपचार झाले नाहीत तर आठवणच जाते. रशियाच्या कोर्साकोव्ह यांचं नाव या अवस्थेला आहे. आठ दिवस खाटेवर पडलेल्याला विचारावं, "सकाळी कुठं गेला होतास?" तो सरळ सांगतो, "मोहाची फुलं वेचायला." बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असतो, मोह चैत्रातच गळून गेलेला. बायको चिडते, "किती खोटं बोलशील?" बाई, तो खोटं बोलत नाही. रिकाम्या जागी मेंदूला जे सापडतं, ते तो खरं मानून सांगतो.

यावर थायमिनचं इंजेक्शन आहे, महागही नाही. वेळेवर मिळालं तर डोळे काही तासांतसुद्धा सुधारू लागतात. आपल्याकडे मात्र आग्रह असतो, "सलाईन लावा, उतरेल." साखरेचं नुसतं सलाईन दिलं, तर ती जाळताना उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. म्हणून इंजेक्शन आधी, निदान सोबत तरी हवं.

अशा माणसाला जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात नेलं, की डॉक्टर विचारतील, "किती पितो?" लाज न धरता सांगा. आणि त्यांनी विचारलं नाही तरी हेही सांगा, की तो शेवटचं पोटभर कधी जेवला होता.