गळ्यातली पोथी

मी माजरीचा, कोळसा खाणीच्या गावचा. घरात उर्दू, अंगणात मराठी. अम्मी कुराण अरबीत पढायची आणि पहाटे शेजारच्या मावशीसोबत जात्यावर बसली की ओवी म्हणायची. अरबीचा अर्थ तिला कळत नसे. ओवीचा मात्र शब्द न् शब्द तिचा होता.

हे आठवलं ते युरोपातल्या जुन्या कॅथलिक गायनपोथ्यांची चित्रं बघताना. कातड्यावर लिहिलेल्या या पोथ्यांत चार रेघा आणि त्यांवर चौकोनी स्वरखुणा असतात. काही पोथ्या एवढ्या मोठ्या, की उंच घोडीवर ठेवलेल्या एकाच पोथीत बघून सगळे गायक गात. भाषा लॅटिन. समोर बसलेल्या साध्या माणसाला सूर कळे, अर्थ कळत नसे.

हीच लॅटिन उपासना पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. १५७९ साली तिथं आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज फादरनं मात्र इथल्या माणसांसाठी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! १६१६ साली ते रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. देवनागरी खिळे तेव्हा तिथं नव्हते. पुढं १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं. भाविक ते चर्चमध्ये ऐकत, गात.

मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. पण लोकांनी हातानं नकला उतरवल्या होत्या. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनीही ओव्या जपल्या. त्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला हा ग्रंथ पुन्हा छापला.

एका कविसंमेलनात एक गृहस्थ मला म्हणाले, “मुसलमान असून छान मराठी लिहिता हो!” मी नुसता हसलो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ ओवीतच लिहिला, एवढं तरी सांगायला हवं होतं.

पण खरी खंत वेगळीच आहे. अम्मी गेली. तिच्या ओव्यांपैकी मला चारच येतात. मंगळूरच्या माणसांनी वह्या भरल्या. मी कवी असून एक पान लिहिलं नाही.

शेजारची मावशी अजून आहे. गेल्या आठवड्यापासून वही घेऊन तिच्याकडे बसतो. तुमच्या घरी कुणी ओवी म्हणणारं असेल, तर तुम्हीही आजच बसा.