जबाबदारी कुणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनी तरुण मंडळातर्फे केलेले भाषण)



आपल्या वस्तीतली कितीतरी घरं मुंबईत उभी राहिली ती गिरणीच्या पगारावर. आजे-पणजे कोकणातून, घाटावरून पोटासाठी आले. जॉबरने घेतलं तर काम, नाहीतर गेटावर उभे. म्हणजे आपणही स्थलांतरित मजूरच.

गिरणीत जास्त पगार साचेखात्यात, कापड विणण्याच्या कामाला. तिथे आपल्या माणसांना बंदी. का? तर धागा तुटला की धोट्यातून तो तोंडाने ओढावा लागे. सोबतच्या सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावले, ही बंदी उठवण्याची मागणी घाला, नाहीतर आमचा पाठिंबा नाही. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल, पण दोष आमचा नाही. दोघांच्या मध्ये आपला माणूस तसाच राहिला.

तरी बाबासाहेबांनी कामगार लढ्याकडे पाठ फिरवली नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाच्या हक्कासाठी स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांसोबत रस्त्यावर उतरला.

परराज्यातल्या मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला. त्या कायद्यानुसार येण्याजाण्याचे भाडे ठेकेदाराने द्यायचे होते, त्याने न दिल्यास मूळ मालकाने. पण २०२० च्या टाळेबंदीत माणसं पायीच निघाली. ८ मे रोजी करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशात घरी निघाले होते. अशा वेळी मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, आणि बहुतेक युनियनच्या पटावर कंत्राटी मजुराचे नावच नसते.

आणि आपण? विहारामागच्या पत्र्याच्या खोल्यांत बिहार-झारखंडचे बांधकाम मजूर राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातला एक परातीवरून पडला. ठेकेदार म्हणाला, हा माझ्याकडे कामालाच नव्हता. आम्ही सारे ऐकलं, पण दहा पावलं चालून गेलो नाही. 'परप्रांतीय आहेत, आपल्याला काय?' असं आम्हीच म्हणालो. मालकाचंच उत्तर आमच्या तोंडी आलं, याची लाज वाटते.

म्हणून आम्ही ठरवलंय. दर रविवारी वंदनेनंतर विहाराचं दार तासभर त्यांच्यासाठी उघडं राहील. आपली शिकलेली पोरं बांधकाम कामगार मंडळाचे अर्ज भरून देतील. ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळवायला दोघं-तिघं सोबत जातील. हजेरी आणि उचल वहीत लिहून ठेवायला शिकवतील. वहीत नोंद असली की 'हा माझ्याकडे नव्हता' म्हणणं ठेकेदाराला जड जाईल.

आपल्या आज्यासाठी कुणीतरी बोललं होतं. आता आपली पाळी आहे.

जयभीम!