लढाई संपली, बाजार सुरू झाला



वॉटर्लू. बेल्जियममधलं एक गाव.
१८ जून १८१५ रोजी इथे नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला.
इंग्रजांचा सेनापती होता वेलिंग्टन.
१८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यात, असईला, मराठी फौजांशी लढला तोच हा.

लढाई संपली, आणि बाजार सुरू झाला.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंडहून हौशी प्रवासी आले.
लेखक वॉल्टर स्कॉटही आले.
त्यांनी सैनिकांची चिलखतं विकत घेतली.
गावकरी बटणं विकू लागले, गोळ्या विकू लागले.
खरा माल आटला, तसा नकली आला.
गिऱ्हाईक काही आटलं नाही!

एक किस्सा ऐकाच.
लॉर्ड अक्सब्रिज या सेनानीचा पाय एका घरात कापावा लागला.
घरमालकानं तो बागेत पुरला.
वर दगड बसवला.
मग पाहुण्यांना आधी रक्ताळलेली खुर्ची दाखवायची,
आणि नंतर पायाची समाधी.
साहेब मात्र पुढे कित्येक वर्षं धडधाकट होते!

होय, लढाई संपली आणि बाजार सुरू झाला.

१८२६ पर्यंत तिथे एक उंच टेकडी रचली गेली.
माथ्यावर लोखंडी सिंह.
चढायला सव्वादोनशे पायऱ्या.
टेकडीसाठी माती आणली कुठून?
त्याच रणांगणातून खणून.
ज्या उंचवट्याच्या आडोशानं वेलिंग्टनचं सैन्य लढलं, तोच बराचसा सपाट झाला.

आज तिथे तिकीट आहे, संग्रहालय आहे, दुकानही आहे.
तिकिटाला माझी हरकत नाही.
राखणीला पैसा लागतोच.
पण ती माती हलवायला नको होती.