गिअरशी झुंज नको, नोंद हवी
(म्हैसूर येथे ट्रकचालक व फिटर बांधवांसमोर रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



आपण रेल्वेची माणसे. पण वर्कशॉपपर्यंत माल येतो तो बहुधा ट्रकनेच. जुन्या ट्रकचा गिअर पडत नाही, खरखर आवाज येतो, आणि दोष मात्र ड्रायव्हरच्या हाताला. गिअर बॉक्स फुटला की खुलासा त्यालाच मागतात.

आधी कारण समजून घ्या. पुष्कळ जुन्या ट्रकांत सिंक्रोमेश नसते. सिंक्रोमेश म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी कडी. ती नसली किंवा झिजली, की वेग ड्रायव्हरच्या पायाने जुळवावा लागतो. त्यालाच आपण डबल क्लच म्हणतो. वरचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनचा आवाज उतरू द्या. पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. खालचा गिअर टाकताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस द्या, मग क्लच दाबून गिअर टाका. दांडीवर जोर काढू नका. जोराने वेग जुळत नाही, दात तुटतात.

चामुंडी टेकडी असो की उटीकडचा छत्तीस वळणांचा कल्लट्टी घाट, उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाका. मध्येच गिअर चुकला तर गाडी न्यूट्रलमध्ये पळते, सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. तिथे प्रश्न गिअर बॉक्सचा राहत नाही, ड्रायव्हर-क्लीनरच्या जिवाचा होतो.

आता दोष कुणाचा, हे कसे ओळखावे? गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही. बंद असतानाही अडतात, तर दांडीचे सांधे किंवा गिअर बॉक्सच तपासायला हवा. तेलाची पातळी व प्रतही पाहा. हे काम फिटरचे आहे, ड्रायव्हरच्या मनगटाचे नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९० काय सांगते? धोकादायक दोष असलेली गाडी जाणूनबुजून चालवणारा जसा जबाबदार, तसाच ती चालवायला लावणाराही. म्हणून तोंडी तक्रारीवर थांबू नका. तारीख, गाडीचा नंबर व दोष लॉगबुकात लिहा, सही घ्या, एक प्रत स्वतःजवळ ठेवा. चौकशीत तोंडचे शब्द हवेत विरतात, कागद उभा राहतो.

हात कसबी ठेवा, कागद पक्का ठेवा. मग संघटना तुमच्या पाठीशी ठामपणे उभी राहू शकेल.