तुमचा डोंगर कोणता, नदी कोणती?



न्यूझीलंडच्या प्रवासावर बोल, असा संयोजकांचा हुकूम आहे. सगळा देश काही मी सांगत बसणार नाही. उत्तर बेटाच्या पूर्व टोकाला वळसा घालून, ओपोटिकीहून गिझबर्नला जाणारा पस्तीस नंबरचा महामार्ग आहे, सुमारे ३३० किलोमीटरचा. त्याच्याबद्दल बोलते. महामार्ग म्हणायचा एवढंच. वळणं अशी की आपला कुंभार्ली घाट आठवावा. डाव्या हाताला समुद्र आणि मधूनमधून माओरी वस्त्या.

माओरी माणूस ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग जमात. स्वतःचं नाव शेवटी! आपण मात्र आडनावापासूनच चौकशी सुरू करतो. या किनाऱ्यावरच्या न्गाती पोरो जमातीचा डोंगर हिकुरांगी, १,७५२ मीटर उंच, आणि नदी वायआपू.

टिकीटिकी गावातलं चर्च मला विसरता येत नाही. पहिल्या महायुद्धात पडलेल्या या जमातीच्या जवानांच्या स्मरणार्थ ते १९२६ मध्ये उभं राहिलं. आतून सगळं माओरी कोरीवकाम, आणि रंगीत काचेच्या खिडकीत ख्रिस्ताच्या पायाशी दोन सैनिक. आपल्या साताऱ्याजवळचं अपशिंगे आठवलं. त्याच महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. पुढे एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर माओरी बटालियनही लढली आणि आपले मराठेही. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथेच.

वायआपूचं पात्र बघून मात्र जीव हळहळला. राखी गाळाचा नुसता पट्टा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी कुरणांसाठी डोंगरांवरचं जंगल तोडलं, उतार ढासळले, आणि आज आकाराच्या मानाने जगात सर्वाधिक गाळ वाहणाऱ्या नद्यांत तिची गणना होते. तरी तिथली पोरं ओळख सांगताना तिचंच नाव घेतात.

तिथल्या एका आजींनी मला विचारलं, "तुमचा डोंगर कोणता? नदी कोणती?" मी म्हटलं, "डोंगर आगाशिव, त्याच्या पोटात दोन हजार वर्षांची लेणी आहेत. नद्या दोन, कृष्णा आणि कोयना. आमच्या गावात त्या समोरासमोर येऊन भेटतात." आजी खूश झाल्या. मग म्हणाल्या, "बरी आहे का नदी? पोहता का तिच्यात?"

आपल्यातल्या किती जणांनी प्रीतिसंगमावर पोहायला शिकताना नाकातोंडात पाणी घेतलंय, ते या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आजींना मी म्हटलं, "लहानपणी पोहायचो."

जे आज मुक्कामाला आहेत त्यांनी उद्या सकाळी सात वाजता घाटावर यावं. निर्माल्य आणि प्लास्टिक भरायला पोती मी घेऊन येते. चांगल्या साड्या नेसून येऊ नका.